आत्म्याचा वार

कोफी आटा अन्नान. संयुक्त राष्ट्रांचे सातवे सरचिटणीस म्हणून हे नाव आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत वाचले, बहुतेक वेळा मधला शब्द गाळून. तो शब्द परत जागेवर ठेवून नाव सावकाश वाचले, तर एक गोष्ट लक्षात येते. या तीन शब्दांत कुणाची इच्छा नाही. कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. आटा म्हणजे जुळ्यांपैकी एक. अन्नान हे घराण्याकडून आलेले असले, तरी मुळात ते चौथ्या अपत्याला द्यायचे नाव. ८ एप्रिल १९३८ रोजी आजच्या घानातल्या कुमासी शहरात हे मूल जन्मले. त्या दिवशी शुक्रवार होता. त्याच्यासोबत आलेल्या बहिणीचे नाव एफुआ आटा: शुक्रवारची मुलगी, जुळ्यांपैकी एक.

आपल्याकडची बहुतेक नावे आशीर्वाद असतात. विजय, यशवंत, आनंदी, सौभाग्यवती. नाव ठेवणाऱ्याला त्या मुलाकडून किंवा दैवाकडून काहीतरी हवे असते आणि ते हवेपण नावात उतरते. घानातल्या अकान लोकांचे वारनाव काहीच मागत नाही. ते साक्ष देते. अमुक वारी तू आलास, एवढेच ते सांगते आणि थांबते. कवितेचे रसग्रहण करताना आपण शब्दांआडचा कवी शोधतो; इथे कवी नाहीच, आणि तरीही ओळ तयार आहे. मला या नावांचे वेड लागले ते या गुणामुळे. त्यांच्यात एक मोठी नम्रता आहे, आणि त्या नम्रतेने किती भार वाहिला हे पाहिले की मन भरून येते.

सात वार, प्रत्येक वाराला मुलग्याचे एक आणि मुलीचे एक, अशी चौदा नावे. आशांती या अकान गटाच्या बोलीत रविवारचा क्वासी आणि अकोसुआ. सोमवारचा कोजो आणि अजोआ. मंगळवारचा क्वाबेना आणि आबेना, बुधवारचा क्वाकू आणि अकुआ. गुरुवारची जोडी सगळ्यात आखूड: याव आणि याआ, एका श्वासात संपणारी. शुक्रवारचा कोफी आणि आफिया, शनिवारचा क्वामे आणि आमा. किनाऱ्यावरच्या फान्टे लोकांत हीच नावे थोडी वळण घेतात. क्वासी तिथे क्वेसी होतो, मंगळवारची मुलगी आराबा होते, रविवारची एसी, शुक्रवारची एफुआ. शेजारच्या एवे लोकांनीही ही पद्धत आपल्या उच्चारात सामावून घेतली आहे. मोठ्याने म्हणून पाहावीत. मुलग्यांच्या बहुतेक नावांत सुरुवातीला ओठ गोल होतात आणि मग स्वर मोकळा सुटतो. मुलींची नावे बहुधा उघड्या अकाराने सुरू होतात. भाऊ-बहीण एकाच वारी जन्मले, तर दोन नावांत एकच मूळ ऐकू येते: क्वामे-आमा, क्वाबेना-आबेना, याव-याआ.

चौदाच नावे, आणि लाखो माणसे. बाजारात ‘कोफी’ अशी हाक मारली तर कितीजण वळून पाहतील? नाव म्हणजे दुसऱ्यापासून वेगळे करणारी खूण, अशी आपली समजूत असते. या समजुतीने पाहिले, तर वारनाव अगदीच दुबळे ठरते. पण अकान माणसाला ते दुबळे वाटत नाही, कारण ते नाव त्याच्या लेखी शरीराचे नाही. ते ‘क्रा’चे नाव आहे, म्हणजे परमेश्वराकडून निघून देहात आलेल्या आत्म्याचे.

इथे अकान कुटुंबाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. हे लोक मातृवंशीय. मुलाचे रक्त आईकडून येते आणि त्या रक्ताबरोबर कुळ, जमिनीवरचा हक्क, वारसा येतो. स्वभावातले तेज, व्यक्तिमत्त्वाची धग बापाकडून येते असे मानतात, आणि मुलाचे ठेवायचे नाव निवडण्याचा मानही बापाचाच. मग उरतो आत्मा. तो आईचाही नाही, बापाचाही नाही. म्हणून त्याचे नाव कुणीच निवडत नाही. ज्या वारी तो आला, त्या वाराने ते निवडलेले असते. आईबापांचा आपल्या मुलावरचा हक्क कुठे संपतो, हे इतक्या शांतपणे सांगणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

जन्मानंतर आठव्या दिवशी पहाटे मुलाला पहिल्यांदा घराबाहेर आणतात. जिभेवर पाण्याचा थेंब ठेवतात, मग मद्याचा, आणि त्याला सांगतात की पाण्याला पाणीच म्हण आणि मद्याला मद्यच. मग बापाने ठरवलेले नाव जाहीर होते, बहुधा एखाद्या सन्माननीय पूर्वजाचे किंवा ज्याचे गुण उतरावेत असे वाटते त्या माणसाचे. या आठ दिवसांपर्यंत मूल हे पाहुणे समजले जाई. ते राहायला आले आहे की दुसऱ्या लोकातून नुसते डोकावून परत जाणार आहे, याची खात्री नसे. १९२०च्या दशकात आशांती प्रदेशात राहून तिथल्या चालीरीती टिपणाऱ्या रॅट्रे या मानववंशशास्त्रज्ञाने हे तपशिलाने लिहून ठेवले आहे. आता या क्रमाकडे नीट पाहा. कुळाने मुलाला आपले म्हणण्याआधी, बापाने नाव उच्चारण्याआधी, मूल जगणार की नाही हे ठरण्याआधीही एक नाव त्याच्यापाशी असते. जो अजून पाहुणा आहे, त्याचा येण्याचा वार घराने लक्षात ठेवलेला असतो. आठव्या दिवसाची पहाट ज्याने पाहिली नाही, तोही कोफी किंवा आमा होऊन गेलेला असतो.

मराठी वाचकाला वार आणि जन्म यांचे नाते नवे नाही. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या अशी नावे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि श्रावणातल्या कहाण्यांत प्रत्येक वाराला त्याची देवता आहे, त्याचा वसा आहे. पण आपल्या शहरी, शिकलेल्या घरांत वाराची नावे हळूहळू गावंढळ ठरली. अकान समाजात तसे झाले नाही. तिथे राजाही वारनाव लावतो आणि मजूरही. अध्यक्ष, प्राध्यापक, कवी, फुटबॉलपटू, सगळ्यांच्या नावात वार असतो आणि तो चारचौघांत अभिमानाने उच्चारला जातो.

माणसांपुरतीच ही गोष्ट असती, तर मी इतका रमलो नसतो. अकान जगात वार माणसाच्या पलीकडे जातो. परमेश्वराला ते ‘ओन्यांकोपोन क्वामे’ म्हणतात. परमेश्वर शनिवारचा! धरतीमातेचे नाव आसासे याआ, कारण ती गुरुवारची. म्हणून आशांती प्रदेशात गुरुवारी जमिनीला कुदळ लावत नसत; तिच्या वारी तिला विसावा. किनाऱ्यावरचे फान्टे मात्र तिला आसासे एफुआ म्हणतात, शुक्रवारची. पृथ्वी एकच, पण दोन प्रांतांत तिचा जन्मवार वेगळा, आणि त्यावरून कुणी भांडले असे वाचनात नाही. गोष्टीवेल्हाळ, लबाड, देवालाही फसवणारा कोळी, अनान्सी, त्याचे पूर्ण नाव क्वाकू अनान्से. तो बुधवारचा.

देवाला जन्मवार देणे ही साधी गोष्ट नाही. ज्याला वार आहे, तो कधीतरी आला. ज्याला वार आहे, त्याला हाक मारता येते. आणि त्याच वारी गावात जन्मलेले प्रत्येक पोर त्याचे नावबंधू होते. शनिवारी झालेला कुठलाही क्वामे परमेश्वराशी एक अक्षर सामायिक करतो. आपल्याकडे रामाचे नाव मुलाला देतात तेव्हा भक्तीने देतात, मागून घेतलेले असते ते. इथे ते कुणी मागितलेले नाही. योगायोगाने मिळालेले आहे, आणि म्हणूनच त्यात दोघांची बरोबरी आहे.

याच रीतीने वाचायचे एक नाव म्हणजे ‘सिका द्वा कोफी’. आशांती राष्ट्राचे सुवर्णासन. परंपरा सांगते की सतराव्या शतकाच्या शेवटी ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताने आकाशातून ते खाली आणले आणि ते राजा ओसेई तुतूच्या मांडीवर अलगद उतरले. तो शुक्रवार होता. म्हणून आसनाचे नाव कोफी. त्यात सगळ्या आशांती लोकांचा आत्मा आहे असे मानतात. त्यावर कुणी बसत नाही, राजाही नाही. ते जमिनीला टेकवत नाहीत. त्याला त्याचे स्वतःचे आसन असते. मार्च १९००मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसन कुमासीला आला आणि जमलेल्या सरदारांना त्याने विचारले की ते आसन कुठे आहे, मला बसायला ते का आणले नाही. त्याच्या दृष्टीने ते एक सिंहासन होते, सत्तेचे फर्निचर. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने तो एका जित्याजागत्या शुक्रवारच्या जिवावर बसायला मागत होता. त्यातून जे युद्ध पेटले, त्याचे नेतृत्व एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिने केले. गुरुवारची याआ शुक्रवारच्या कोफीसाठी लढायला उभी राहिली. इंग्रजांनी तिला पकडून सेशेल्स बेटांवर पाठवले आणि १९२१ मध्ये ती तिथेच वारली. आसन मात्र त्यांना सापडले नाही. या प्रसंगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पण नावात वार आहे एवढे जरी कुणी हॉजसनला समजावून सांगितले असते, तरी आपण कशाविषयी बोलत आहोत हे त्याला कदाचित कळले असते.

वार आणि तारीख यांच्यातला फरक क्वामे न्क्रुमांच्या आयुष्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल. घाना स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९५७ मध्ये, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात ते आपल्या जन्माची खात्रीने सांगता येणारी माहिती देतात: न्झिमा भागातले न्क्रोफुल हे गाव, दुपारची वेळ, सप्टेंबरचा मध्य, आणि शनिवार. वर्ष मात्र पक्के नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याने अंदाजाने २१ सप्टेंबर १९०९ अशी नोंद केली. आईचा हिशेब वेगळा होता. मग ते १९१३ मध्ये किनाऱ्यावर फुटलेल्या बाकाना या जहाजाची बालपणीची आठवण पुढे घेतात आणि तिच्या आधाराने वर्षाचा अदमास बांधतात. पाद्र्याच्या तारखेचा वार काढून पाहिला, तर २१ सप्टेंबर १९०९ हा मंगळवार निघतो. ती तारीख खरी असती तर घानाच्या पहिल्या अध्यक्षाचे नाव क्वाबेना न्क्रुमा झाले असते. त्याच्या आधीचा शनिवार १८ तारखेचा. चर्चच्या वहीतल्या शाईपेक्षा आईने लक्षात ठेवलेला वार अधिक भरवशाचा ठरला, आणि तो वार कुठे लिहून ठेवावा लागला नव्हता; पोराला दिवसातून वीसदा हाक मारताना तो आपोआप जपला गेला. मुलाच्या नावातच त्याचा जन्मदाखला होता.

या पोराला शाळेत आणि चर्चमध्ये फ्रान्सिस म्हणत. अमेरिकेतले शिक्षण संपवून १९४५ मध्ये लंडनला गेल्यावर त्याने फ्रान्सिस सोडले आणि क्वामे एवढेच ठेवले. वसाहतीच्या काळात किनाऱ्यावरच्या शिकलेल्या घरांत हा प्रवास अनेकांनी केला. केप कोस्टचे वकील आणि नाटककार कोबिना सेकी यांचे नावही आधी विल्यम होते. इंग्रजी नाव कागदावर आणि वारनाव घरात, अशी दोन खोल्यांची राहणी होती ती. ज्याने विल्यमला बाहेर काढले, त्याला नवे नाव शोधावे लागले नाही. मंगळवार तिथेच होता.

वाराला स्वभाव चिकटतो, ही या परंपरेतली गुंतागुंतीची बाजू. सोमवारचा कोजो शांत, भांडणापासून दूर राहणारा. बुधवारचा क्वाकू तापट. शुक्रवारचा कोफी भटक्या, वाटा शोधणारा, असे लोक मानत आले. गुस्टाव्ह जाहोदा या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी कुमासीच्या बालन्यायालयातल्या नोंदी तपासल्या. सोमवारच्या मुलांची संख्या त्यांत अपेक्षेपेक्षा कमी निघाली आणि मारामारी-हिंसेच्या गुन्ह्यांत बुधवारची मुले अपेक्षेपेक्षा जास्त. त्याचा तर्क सरळ होता: लहानपणापासून ज्याला ‘तू क्वाकू, तू असाच’ ऐकावे लागते, तो तसा होत जातो. हा अभ्यास वाचल्यापासून बुधवारच्या मुलांविषयी मला माया वाटते. जे नाव काहीच मागत नाही असे मी वर म्हटले, त्यानेही गावाच्या तोंडून हळूहळू मागायला सुरुवात केली, असे इथे मान्य करावे लागते. पण हेही खरे की हाच बुधवार अनान्सीचा आहे. ज्या जिवाने आपल्या चतुराईने जगातल्या सगळ्या गोष्टी आपल्या नावावर करून घेतल्या, तोही क्वाकूच.

आणि मग समुद्र. केप कोस्ट, एल्मिना, कोर्मांटिन या किल्ल्यांच्या तळघरांतून अकान माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार गेली. जहाजावर कुळ गेले, भाषा तुटली, बापाने ठेवलेले नाव पुसले गेले; पुढे मळ्याच्या मालकाने सीझर, वीनस, स्कॉटलंड, काहीही नाव लावले. आठव्या दिवसाचा पहाटेचा विधी, पूर्वजांच्या नावाची निवड, कुळाची साक्ष, यांतले काही नव्या बेटावर जसेच्या तसे करता येण्याजोगे नव्हते. वारनावाला मात्र यांतले काहीच लागत नव्हते. एक आई आणि आज कोणता वार आहे याची खबर, एवढे पुरे. ज्या नावाला आपण चौदापैकी एक म्हणून दुबळे समजलो, ते इतके सामाईक होते की ते कुणाकडून हिसकावून घेता येण्यासारखेच नव्हते.

जमैकाचा एडवर्ड लाँग हा मळेवाला इतिहासकार आफ्रिकी माणसांविषयी अत्यंत विखारी लिहिणारा होता. त्याच्याच १७७४च्या ग्रंथात या नावांचा एक तक्ता आहे. त्यातली काही: सोमवारचा कजो आणि जूबा, मंगळवारची बेनेबा, बुधवारचा क्वाको आणि क्यूबा, शुक्रवारचा कफी आणि फिबा, शनिवारचा क्वामिन आणि मिंबा, रविवारचा क्वाशी आणि क्वाशीबा. इंग्रजी कानांनी ऐकून इंग्रजी लेखणीने उतरवलेली ही रूपे वेडीवाकडी आहेत, पण पूर्ण तक्त्यात आठवड्यातला एकही दिवस हरवलेला नाही. हा तक्ता पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो वारानुसार घानातल्या नावांशेजारी मांडून पाहिला होता. फिबाच्या शेजारी आफिया. मिंबाच्या शेजारी आमा. ओळख पटायला क्षणही लागला नाही.

एक फिबा आपल्याला जवळून भेटते, आणि ती भेट सोपी नाही. थॉमस थिसलवुड नावाचा मुकादम १७५० मध्ये जमैकात आला आणि १७८६ मध्ये मरेपर्यंत रोजनिशी लिहीत राहिला. हजारो पानांच्या त्या वह्यांत त्याने गुलामांवर केलेले अत्याचार थंडपणे नोंदले आहेत. त्या पानांत वर्षानुवर्षे एक नाव पुन्हा पुन्हा येते: फिबा, ‘इजिप्त’ नावाच्या मळ्यावरची गुलाम स्त्री, जिला त्याने आपल्या घरात ठेवले आणि जिच्यापासून त्याला एक मुलगा झाला. तिचे स्वतःचे लिहिलेले एकही वाक्य नाही. तिच्याविषयी सगळे काही त्या माणसाच्या हातचे. फक्त नाव त्याचे नाही. रोजनिशीच्या प्रत्येक नोंदीवर त्याने तारीख घातली, आणि जितक्या वेळा तिचा उल्लेख केला, तितक्या वेळा नकळत तिच्या आईने मोजलेला शुक्रवारही लिहिला.

रविवारच्या नावाची गत जमैकात वाईट झाली. क्वाशी हा शब्द तिथे मठ्ठ, लाचार, गावंढळ माणसासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला. समाजशास्त्रज्ञ ऑर्लंडो पॅटरसन यांनी गुलामगिरीने घडवलेल्या त्या ठशाचा वेध घेतला आहे. आशांती प्रदेशात ज्या वारी अक्वासिदाए हा राजाचा सण भरतो, त्या वाराचे हे नाव. तेच नाव सुरीनाममध्ये वनस्पतिशास्त्रात शिरले. तिथे ग्रामान क्वासी या गुलाम वैद्याने एका झाडाच्या कडू सालीचा तापावर उपयोग करून नाव मिळवले, आणि १७६०च्या दशकात लिनियसने त्या झाडाला क्वासिया हे नाव दिले. आपल्याकडे होमिओपॅथीच्या दुकानात क्वासियाची बाटली मिळते. तिच्यावर रविवारी जन्मलेल्या एका अकान नावाच्या माणसाची सही आहे. तोच क्वासी पळून जंगलात गेलेल्या गुलामांविरुद्ध गोऱ्यांना मदत करत राहिला, आणि त्यांच्यापैकी सारामाका लोकांच्या स्मृतीत तो विश्वासघातकी म्हणून उरला. नाव एकच आणि माणसे वेगवेगळी. वारनाव कुणाच्या कर्माची हमी देत नाही.

डच वसाहत असलेल्या बर्बिसमध्ये, म्हणजे आजच्या गयानात, फेब्रुवारी १७६३ मध्ये गुलामांनी उठाव केला. त्यांचा नेता कोफी. त्याने गव्हर्नर व्हान होगेनहाइमला पत्रे लिहवून घेतली आणि वसाहत दोघांत वाटून घेऊ असा प्रस्ताव ठेवला. गुलामाने गव्हर्नरला वाटाघाटीचे पत्र पाठवावे, खाली नाव कोफीचे असावे, यातला ताठपणा आजही जाणवतो. पुढे उठावकऱ्यांत फूट पडली, प्रतिस्पर्धी गटाची सरशी झाली आणि कोफीने स्वतःचा जीव घेतला. त्या प्रतिस्पर्ध्याचे नाव होते आटा, म्हणजे जुळ्यांपैकी एक. कोफी आणि आटा ही जोडी पुढे कुमासीतल्या एका मुलाच्या नावात शेजारी-शेजारी नांदायची होती; बर्बिसच्या जंगलात ती एकमेकांसमोर उभी राहिली. उठाव सुरू झाला ती २३ फेब्रुवारी ही तारीख गयानाने १९७० मध्ये आपल्या प्रजासत्ताकासाठी निवडली.

उत्तर अमेरिकेत एका कोफीचे आडनाव झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये स्लोकम नावाच्या घराण्याकडे गुलाम असलेला हा माणूस पुढे स्वतंत्र झाला आणि त्याने वाम्पानोआग जमातीच्या रूथ मोझेसशी लग्न केले. त्यांचा मुलगा पॉल खलाशी झाला, जहाजांचा मालक झाला. मालकाच्या घराण्यावरून आलेले स्लोकम हे आडनाव या भावंडांनी १७७८च्या सुमारास टाकले आणि बापाचे पहिले नाव आडनाव म्हणून घेतले. पॉल कफी. पुढे १८१५च्या अखेरीस आपल्या जहाजातून ३८ माणसांना घेऊन तो सिएरा लिओनला निघाला. त्याची जन्मतारीख १७ जानेवारी १७५९. मी वार काढला: बुधवार. अकान हिशेबाने पॉल स्वतः क्वाकू. पण त्याला आपला वार नको होता, बापाचा हवा होता. आत्म्याचे नाव वारशाने देता येत नाही हा नियम त्याने मोडला, आणि मला तो मोडलेला आवडतो. कारण ज्याला कुळाचे काहीच उरलेले नाही, त्याला बापाचा शुक्रवार हेच कुळ. अन्नान या आडनावाचाही प्रवास असाच झाला असणार: कधीतरी कुणी चौथा होता, मग त्याच्या चौथेपणाचे घराणे झाले. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतले स्टोकली कारमायकेल यांनी क्वामे तुरे हे नाव घेतले, त्यातला क्वामे न्क्रुमांविषयीच्या आदराने. त्यांचा जन्म २९ जून १९४१चा, म्हणजे रविवारचा. त्यांनीही स्वतःचा वार न शोधता ज्याला मानले त्याचा शनिवार घेतला.

सगळ्यात गुंतागुंतीचे नाव मात्र कजो लुईसचे. अमेरिकेने गुलाम आणण्यावर बंदी घातल्याला अर्धशतक उलटल्यावर, १८६० मध्ये, क्लोटिल्डा या जहाजातून जे लोक चोरून अलाबामात आणले गेले, त्यांत एकोणीस-वीस वर्षांचा कोसुला होता. तो अकान नव्हता. योरुबा भाषकांपैकी, आजच्या बेनिनच्या अंतर्भागातला. किनाऱ्यालगतच्या त्या साऱ्या पट्ट्यात सोमवारच्या मुलाला कोजो म्हणण्याची चाल होती. लेखिका झोरा नील हर्स्टन १९२७ मध्ये म्हाताऱ्या कोसुलाला भेटली. तिने लिहून घेतलेली त्याची कहाणी २०१८ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात तो सांगतो की मालकाला त्याचे खरे नाव उच्चारता येईना. तेव्हा त्याने मालकाला विचारले, मी तुमची मालमत्ता आहे ना? मालक हो म्हणाला. मग मला कजो म्हणा, तेवढे चालेल, असे तो म्हणाला.

हा संवाद मी अनेकदा वाचला आहे. वरवर पाहता एका गुलामाने मालकाची सोय केली. पण प्रश्नाचा क्रम पाहा. मालकी मान्य करून घेतल्यावर त्याने मालकाच्या हाती काय ठेवले? ज्या नावावर त्याचा एकट्याचा हक्क नव्हता, जे त्या किनाऱ्यावर सोमवारी जन्मलेल्या कुठल्याही मुलग्याचे असू शकत होते, ते सगळ्यांचे नाव. आईने ठेवलेले कोसुला त्याने मागे ठेवले. सामाईक नावाचा असाही उपयोग होऊ शकतो हे अकान पुरोहितांनी कधी योजले नसेल, पण नावाच्या घडणीतच ते होते.

मुक्तीनंतर कोसुला आणि त्याच्या सोबत्यांनी मोबीलजवळ जमीन विकत घेऊन स्वतःची वस्ती वसवली. लग्न झाले, सहा मुले झाली. प्रत्येक मुलाला त्याने दोन नावे दिली: एक आपल्या देशातले, आणि एक अमेरिकेच्या मातीत हाक मारायला सोपे जाईल असे.